गुडघाभर पाणी

वडूजहून निघालो तेव्हा साडेपाच.
धोंडीरामने त्याची जुनी एम-एटी काढलेली.
सहाही दिवस तो रुग्णवाहिका चालवतो,
रविवारी मात्र सायरन नसलेलं काहीतरी लागतं त्याला.
रात्रपाळीत दोन बाळंतपणं झाली होती,
माझ्या बोटांना अजून डेटॉलचा वास.

सिस्टर, तो म्हणाला, तुम्ही समुद्राकडच्या,
तुम्हाला काय आमच्या पाण्याचं कौतुक!

वेंगुर्ल्याला आमच्या मागच्या दारी खाडी होती.
ओहोटीला तिवरांची मुळं चिखलातून वर यायची,
शेकडो, पेन्सिलीएवढी,
खाली गाडलेलं कुणी अजून श्वास घेतंय तशी.
आई वाकून खुबे वेचायची त्यांच्यामधून,
न बघता बरोबर पडायची पावलं.
हे सगळं गाडीवर मागे बसून
वाऱ्यात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

येरळवाडीच्या बांधावर धुकं.
मग ते विरळ झालं आणि दिसल्या
पाण्यात उभ्या बाभळी.
कमरेपर्यंत बुडालेल्या, वाळून काळ्या,
फांद्या पाणकावळ्यांच्या शिटेने पांढऱ्या.
क्षणभर वाटलं, हेच की आपलं कांदळवन,
इतक्या आत, समुद्राला कळू न देता.
पण बाभळीला पाण्यात श्वास घेता येत नाही.
ती उभी आहे, एवढंच.

धोंडीरामने खिशातून कोरा केसपेपर काढला,
पेशंटचे नाव असं छापलंय तिथे लिहिलं: चक्रवाक.
अकरा.
थापट्या साठेक, चोची पाण्यात घालून
हरवलेलं पैंजण शोधल्यासारख्या.
शेकाटे त्रेचाळीस.
एक उडाला, बेचाळीस.
तो परत आला की दुसराच आला
यावर आमचं थोडं भांडण झालं.

रोहित कुठं दिसेनात?
थर्माकोलच्या तराफ्यावरून सर्जेराव भोई जाळं ओढत होता.
त्याने आधी जाळं पुरतं ओढलं, मग उत्तर दिलं:
"आवंदा न्हाईत. गेल्या साली बी न्हाईत.
कॅनॉलचं पानी आलं की हिकडं.
त्यास्नी गुडघाभर लागतंय,
त्येंच्या गुडघ्याभर.
आता तिथं माझा बांबू बुडतोय."
हसला. "मासा वाढला पर."

पलीकडच्या काठावर ऊस होता.
पाच वर्षांपूर्वी मी इथे बदलून आले
तेव्हा ओपीडीत रोज तीन-चार बायका यायच्या
मान धरून, कंबर धरून.
मी विचारायची, हंडा किती लांबून?
त्या हाताने दाखवायच्या, त्या टेकाडापलीकडून.
हल्ली त्या येत नाहीत.
आल्या तर शुगर तपासायला येतात.
या पाण्याविरुद्ध मी काय बोलू,
आणि कुणाजवळ?

काठावर बसून आईला फोन लावला.
खाडीत इली काय गो पाखरां?
"आसत. लाल पायांची कायतरी आसत,
चिखलात चलतत.
मोजता कोण?"
मागे कुकरची शिट्टी झाली, तिने फोन ठेवला.

मी चप्पल काढून पाण्यात उतरले.
दोन पावलं थंड गाळ, ओळखीचा.
तिसऱ्याला गुडघा बुडाला,
पाचव्याला धोंडीराम ओरडला, सिस्टर!
ओंजळभर पाणी तोंडाला लावलं.
गोड.
इतकं गोड की कुठूनतरी आणलेलं आहे हे कळावं.

परत निघताना त्याने तो केसपेपर माझ्याकडे दिला,
अक्षर माझं बरं म्हणून.
शेवटची ओळ त्याने आधीच लिहून ठेवली होती,
रोहित, आणि पुढे रेघ.
तिथे शून्य घालायला पेन टेकवलं
आणि हात आपोआप रोजच्या वळणावर गेला:

फॉलो-अपला आले नाहीत.